ठकुमावशीने पाहिलेला दिवा

एका गावाला डोंगर होता, डोंगराला कमरेएवढं गवत होतं आणि त्या गवताला दर फाल्गुनात वणवा लागायचा. तालुक्याचा आगीचा बंब पोचायला दीड तास लागे. तोवर विझवण्यासारखं काही उरत नसे. म्हणून गावातल्या दहा-बारा जणांनी वणवा पथक काढलं होतं. त्यांना पगार नव्हता की गणवेश नव्हता. आरोळी आली की हातातलं काम टाकून पळायचं, एवढाच त्यांचा नियम.

या पथकात निवृत्ती होता. त्याची स्वतःची पिकअप होती. एरवी तीत कांदे-बटाटे जात. वणव्याच्या दिवसांत तो मागे पाण्याची टाकी आणि पंप चढवून ठेवी. माणूस कष्टाळू आणि जिवाची पर्वा न करणारा. पण धुरात त्याची गाडी कुणाला दिसेना आणि घाटात समोरचे ट्रक वाट देईनात. शेवटी ग्रामसभेत विषय निघाला, तालुक्याहून रीतसर परवानगी आली आणि निवृत्तीच्या गाडीवर फिरता लाल दिवा बसवायचं ठरलं.

दिवा बसवला फाट्यावरच्या कासम मिस्त्रींनी. त्यांनी बॅटरीपासून वेगळी वायर ओढली. पत्र्याला घासू नये म्हणून भोकात रबर घातलं. बॅटरीजवळ एक छोटा फ्यूज लावला.

"निवृत्ती, ही वायर एका दिव्यापुरती हाय," ते म्हणाले. "जादा भार पडला तर फ्यूज उडंल. उडाला तर त्याला शिव्या देऊ नको. तो सोता जळून गाडी वाचवतो."

डोंगरावर ठकुमावशी आपल्या बावीस शेळ्या घेऊन एकटी राहायची. वणवा दिसला की ती शेळ्या हाकत ओढ्यात उतरायची. उतार अवघड, तिचे गुडघे दुखरे. निवृत्तीने तिला मुद्दाम वर जाऊन सांगितलं, "मावशी, घाटाच्या वळणावर लाल दिवा दिसला की समज, मी आलो. मग तू जीव काढून पळायचं न्हाई." ठकुमावशीने हा शब्द पदराला गाठ मारावी तसा जपून ठेवला.

आता लाल दिव्याची हवा भल्याभल्यांच्या डोक्यात जाते, तिथे निवृत्तीची काय कथा! लोक वाट सोडू लागले, पोरं गाडीमागे धावू लागली. त्याला एक दिवा कमी वाटायला लागला. बाजारातून त्याने चार दिवे आणले, भोंगा आणला, काचेवर लावायला चमचमती पट्टी आणली. कासम मिस्त्रींनी मान हलवली. "एवढ्याला जाड वायर लागंल. गाडी दोन दिवस माझ्याकडं सोड."

पण दोन दिवसांवर गावची जत्रा होती. निवृत्तीने सगळं घरीच जोडलं, त्याच एका वायरीवर. जत्रेत पालखीपुढे गाडी उभी करून त्याने बटण दाबलं आणि फ्यूज उडाला. साऱ्या गावासमोर गाडी आंधळी झाली. लोक हसले. ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने फ्यूज काढला आणि तिथे तांब्याची तार गुंडाळली. मग काय, सगळं लखलखलं. तार काही उडेना, आणि निवृत्तीला वाटलं, काम फत्ते.

आठच दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमाराला, डोंगर पेटला. निवृत्ती चार माणसं घेऊन निघाला. पाच दिवे, भोंगा आणि पट्टी, सगळं चालू. घाटाच्या वळणावर गाडीच्या आतूनच जळका वास आला. ती वायर वितळली होती. शेजारून जाणारी इंजिनाची वायरही तिने जाळली. गाडी जागीच थांबली आणि सगळे दिवे एकदम गेले. पंप, पाणी, सारं तिथेच राहिलं. माणसं झाडाच्या डहाळ्या तोडून पायी वर पळाली.

माणसं पोचली तेव्हा मावशीचा गोठा कोसळला होता. ठकुमावशी बाहेर बसली होती, दोन्ही हात भाजलेले. शेळी एकही उरली नव्हती.

"दिवा दिसला," ती म्हणाली. "म्हणून थांबले."

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीनंच वायर कच्ची टाकली." बघता बघता सगळे तेच बोलू लागले. कासम मिस्त्री खाली मान घालून उभे होते. निवृत्ती गप्प राहिला असता तर त्याला कुणी काही विचारलं नसतं. खोटं सांगू कशाला, क्षणभर तो गप्प राहिलाही. मग त्याने खिशातून काळी पडलेली तांब्याची तार काढली आणि सरपंचांपुढे ठेवली.

"मिस्त्रींची वायर चांगली होती. ही तार मी गुंडाळली. जत्रेत लोक हसले म्हणून."

ठकुमावशी फडक्यात बांधलेले हात मांडीवर घेऊन बसली होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "खरं बोललास, बरं केलंस. पण पुढच्या बारीला दिवा दिसला तर थांबू का पळू, तेवढं सांग."

निवृत्ती उठला आणि थेट गाडीकडे गेला.

त्याने चारही दिवे, भोंगा आणि पट्टी उतरवली. गाडी कासम मिस्त्रींकडे सोडली. त्यांनी नवी वायर ओढली, एकच दिवा लावला आणि नवा फ्यूज त्याच्याच हाताने बसवून घेतला. घरच्या शेळीच्या दोन तरण्या पाटी त्याने ठकुमावशीच्या नव्या गोठ्यात नेऊन बांधल्या.

पुढच्या फाल्गुनात पुन्हा वणवा आला. एका दिव्याची गाडी घाट चढून वेळेवर पोचली. गोठा शाबूत होता, पण आत कुणी नव्हतं. ठकुमावशी दोन्ही पाटी घेऊन, दुखरे गुडघे ओढत, केव्हाच ओढ्यात उतरली होती. दिवा तिला दिसला होता. ती थांबली नव्हती.

निवृत्तीने रिकाम्या गोठ्याकडे एकदा पाहिलं आणि पंप सुरू केला.

तात्पर्य: मदतीचा दिवा म्हणजे दिलेला शब्द. मिरवण्यापायी जो आपल्याला 'थांब' म्हणणाऱ्याचंच तोंड बंद करतो, त्याचा शब्द दुसऱ्याच्या घरात जळतो. कबुली दिल्याने दोष फिटतो, पण विश्वास लगेच परत येत नाही.