मोरवेलीचे तांबडे तळे

मोरवेलीच्या पेठेमागे जे तळे आहे, त्याच्या घाटाकडचे पाणी बारा महिने तांबूस दिसते. शिकलेली माणसे म्हणतात, इथली मातीच तशी आहे. म्हणोत बापडी. पेठेतले जुने लोक मात्र पाव्हण्यांना घाटावर बसवून ठकूबाईच्या गोधडीची हकिकत सांगतात.

ठकूबाईसारखा टाका पंचक्रोशीत कुणाचा नव्हता म्हणे. कापड ती गुंडाप्पाच्या दुकानातून नेई. गुंडाप्पा माणूस सोन्यासारखा. काही न घेता ठाणांचा ढीग उलगडायला लावला, तरी कपाळाला आठी नाही. पण गिऱ्हाइकाने दुसरीकडून कापड आणलेले दिसले की स्वारी रुसायची. चकार शब्द नाही, नुसती पाठ फिरवून घड्या घालत बसायची. बायका त्या पाठीला फार भीत.

ठकूबाईची एकुलती लेक हौसा बाळंतपणात गेली. तान्ही पोर तेवढी वाचली. तिला न्यायला सासरची माणसे येणार होती, आणि त्यांना अडवणे ठकूबाईच्या हातात नव्हते. नातीबरोबर आईचे काहीतरी जावे म्हणून तिने काळजावर दगड ठेवून हौसाच्या साड्या फाडल्या आणि गोधडी शिवायला घेतली. किनारीला हवे तसे लाल कापड गुंडाप्पाकडे नव्हते. ते तिने जत्रेतल्या फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतले.

अस्तर घ्यायला ती दुकानात गेली ती गोधडी पदराखाली दडवूनच.

"बघू तरी काय शिवलंयस," गुंडाप्पा म्हणाला.

"काय बघायचं अण्णा, नेहमीचंच हाय. पांढरं अस्तर द्या."

पदराखालून लाल काठ डोकावत होता. गुंडाप्पाला तो दिसला. रंग कच्चा वाटतो, एक कोपरा भिजवून बघावा, असे त्याच्या मनात आलेही. पण आपल्या दुकानातले नाही, तर आपण कशाला बोला! त्याने मुकाट्याने अस्तर फाडून दिले.

बाळाच्या अंगावर घालायची, म्हणून ठकूबाईने शिवून झालेली गोधडी तळ्यावर धुवायला नेली. पाण्यात बुडवताच लाल रंग सुटला. ती घाबरून जितकी खळबळे, तितका तो पसरे. तिचा आकांत ऐकून गुंडाप्पा मीठ अन् तुरटी घेऊन धावला, पण तोवर सगळे तुकडे एकसारखे लाल झाले होते. "आधी दाखवली असतीस तर..." म्हणायला त्याने तोंड उघडले आणि तसेच मिटले. दोघेही घाटावर बसून रडली. दुसरे करण्यासारखे काही उरलेच नव्हते. नात बापाच्या घरी गेली ती तीच गोधडी पांघरून.

असे सांगतात, की पुढे ती मोठी होऊन मोरवेलीला आली. ठकूबाई तेव्हा नव्हती. थकलेल्या गुंडाप्पापुढे तिने गोधडी पसरली.

"आजोबा, माझ्या आईच्या साड्या कोणकोणत्या रंगाच्या होत्या हो?"

गुंडाप्पा नुसता हात फिरवत राहिला. रंग होते तेव्हा त्याने ती गोधडी उलगडून पाहिलीच नव्हती.

आजही मोरवेलीच्या पेठेत गोधडी शिवणारी बाई आली, की आधी हातातले सगळे काम गादीवर उलगडते. कुठले कापड कुठून आणले, हे दुकानदार विचारत नाही. तो एकेक कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासतो. रंग उतरला तर कुणी कुणाला बोल लावत नाही. दुकानदार उठून मिठाचे पाणी आणतो, आणि कापड भिजते आहे तोवर ती बाई त्याला सांगत बसते, कुठला तुकडा कुणाच्या अंगावरचा.