वेणीतला मरवा

पिंपळदऱ्याच्या ओढ्याकाठी, पडक्या धर्मशाळेत चिंधेबुवा महाराज येऊन राहिले, त्या साली गावात तापाची साथ होती. कोंडाबाईची एकुलती लेक मैना त्या साथीत गेली. बायकांनी पोरीच्या केसांतली वेणी सोडली, तेव्हा तिच्यातली मरव्याची एक काडी कोंडाबाईने दोऱ्यासकट मुठीत धरली. तिरडी हलली तरी ती मूठ उघडली नाही.

संध्याकाळी तिने ती काडी तशीच दोऱ्यासकट अंगणातल्या माती भरलेल्या फुटक्या डेऱ्यात खोचली. महाराज रोज भिक्षेला येत, ओसरीवर भाकर खात आणि हात त्या डेऱ्यात धूत.

देवळाच्या बागेतला रखमाजी फुलमाळी हाताचा मोठा गुणी. त्याने काडी लावली की फुटलीच! पण गुणापेक्षा गर्व चार बोटं उंच. डेरा बघून तो हसला.

"अगं बये, वाळली काडी, ती बी उलटी खोचलीस! शेंडा मातीत आन् बुडखा वर. अशानं मुळ्या फुटत्यात व्हय?"

कोंडाबाई डेऱ्याकडे धावली. लेकीची एवढी एकच खूण, तीही आपल्याच हातानं मारली की काय! ती काडी सुलटी करायला वाकली, तोच ओसरीवरून महाराज म्हणाले, "राहू दे, माय. तुझं सारं उलटं झालंय. तिनंच का सुलटं उभं राहावं?"

"महाराज, माझी मैना..."

"ती मला आणता येत नाही गं." महाराजांचे डोळे भरून आले. अहो, जिथे संतांनीही हात टेकले, तिथे त्या माउलीने कुणाकडे बघावं!

महिना लोटला. काडी काळी ती काळीच.

"मेल्याला किती कवटाळशील?" म्हणत रखमाजीने एके दिवशी ती उपटली. कोंडाबाईने हंबरडा फोडला. आणि रखमाजीचा हात तिथेच थिजला. शेंड्याला पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचा झुपका! त्या मुळ्यांनी वेणीचा दोरा घट्ट धरून ठेवला होता. मैना आत्ताच अंगणातून गेल्यासारखा मरवा दरवळला.

रखमाजी ओसरीवर बसलेल्या महाराजांच्या पायांवर कोसळला.

"माझे कशाला धरतोस?" महाराज म्हणाले. "मी नुसते हात धुतले. हिचे धर."

त्याने कोंडाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. डोळे पुसत ती म्हणाली, "दादा, पुन्यांदा तुमीच लावा. तुमच्या हाताला गुण हाय."

"कशी लावू, माय?"

"उलटीच."

मान खाली घालून रखमाजीने ती उलटीच लावली.