महाराजांना अडवणारी चिठ्ठी

त्या दिवशी सकाळपासून वावटळी उठत होत्या. माणसाला स्वतःची बोटं दिसेनात, इतकी धूळ. शिकारीहून परतलेले सांगवणचे महाराज डोक्यापासून टाचेपर्यंत मातीने माखून आपल्याच गडाच्या दाराबाहेर उभे होते, आणि पहारेकरी त्यांना आत घेईना.

त्याचं काही चुकत नव्हतं. गडाच्या चारही दारांवर त्याच सकाळी हुकमांच्या चिठ्ठ्यांची माळ टांगली होती. वरून वाचत यायचं, समोरच्या माणसाला लागू पडेल ती पहिली चिठ्ठी पाळायची आणि तिथंच थांबायचं. सगळ्यात वरची चिठ्ठी म्हणत होती, 'धुळीने माखलेल्यास आत घेऊ नये.'

"हा गाढवपणा कोणाचा?" महाराज गरजले.

"आपलाच, महाराज. गालिचे मळतात म्हणून."

दूधवाल्या, भाजीवाले बाहेर खोळंबले होते. त्यांच्यात चाळण्यांची चळत डोक्यावर घेतलेला लिंबाजी होता. त्याला हसू आवरलं नाही.

"हसतोस? मग तूच नीट कर. एकही हुकूम काढायचा नाही, एका अक्षराला हात लावायचा नाही. दिवस मावळेपर्यंत जमलं नाही, तर गडाचा बाजार तुला कायमचा बंद!"

लिंबाजीचं पोट त्याच बाजारावर होतं, आणि अक्षराशी तर त्याची ओळखच नव्हती. तो खाली बसला. पहारेकऱ्याला म्हणाला, "वाच बाबा, सावकाश."

दुसरी चिठ्ठी सेनापतींची होती, 'कोणासही आत सोडू नये.' तिसरी दिवाणांची, 'दूध-भाजी आत सोडावी.' आणि अगदी तळाला दारावरच्या कारकुनाची, 'महाराजांना कधीही अडवू नये.'

"असं कोणी ओवलं?"

"मानाप्रमाणे ओवलंय. हुद्दा मोठा, त्याची चिठ्ठी वर."

लिंबाजीने माळ सोडली. कारकुनाची चिठ्ठी वर घेतली, खाली दूध-भाजी, मग धूळ आणि शेवटी सेनापती. "आता वाच."

पहारेकऱ्याने पहिली चिठ्ठी वाचली, महाराजांकडे पाहिलं आणि दार उघडलं.

"एक शब्दही बदलला नाहीस?"

"मला शब्द कुठं येतात, महाराज? चाळण्या येतात. मोठ्या भोकांची आधी धरायची, बारीक शेवटी. आपण बारीकच आधी धरलीत. तिच्यातून कणी पडेना, राजा कुठून पडणार?"

महाराज हसले ते मिशांतली धूळ उडेपर्यंत. "पण सेनापती रुसतील रे, तळाला गेले ते."

"त्यांना म्हणावं, शेवटचा शब्द तुमचाच."

संध्याकाळपर्यंत चारही दारांवर तश्शीच माळ लागली. बक्षीस म्हणून लिंबाजीने एक चिठ्ठी मागितली, 'लिंबाजीस चाळण्यांसकट आत सोडावे.'

"कुठं ओवू?"

"आपल्या खाली, महाराज. बाकी सगळ्यांच्या वर."

चिठ्ठी ओवली गेली, वर एक बैलही मिळाला. बैल घेऊन तो घराकडे वळला, तर शेजारच्या सगुणाकाकूने त्याला कोपऱ्यावरच गाठलं.

"लिंबाजी, मागच्या दारानं ये बाबा. दिवाण आणि सेनापती तुझ्या ओट्यावर बसलेत. आपली चिठ्ठी बोटभर वर सरकेल का, विचारतायत."