मोहाखालची परी आणि चैतीचे तीन शब्द

रानाच्या काठाला कुडाचं एक घर होतं आणि त्या घरात चैती आणि तिची माय राहायच्या. चैती एवढीशी, मुठीएवढी, पण कामाला वाघीण. मायचा उजवा हात मोडून गळ्यात बांधला होता, म्हणून यंदा मोहफुलं वेचायला चैती एकटीच जायची.

घरात बांबूची कणगी होती. ती काठापर्यंत मोहफुलांनी भरली की मायलेकींचा पावसाळा निघायचा. नाही भरली, तर मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाडीत बसायचं आणि दूर वीटभट्टीवर जायचं. मग कुठली शाळा आणि कुठलं काय. कणगी भरायला एकच टोपली कमी होती. आणि मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच यायची होती.

त्या रानात रीत होती. प्रत्येक घराचं एक मोहाचं झाड. बुंध्याला ज्याची चिंधी, त्याची फुलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलायचं नाही, आणि कुणी उचलूही द्यायचं नाही. दुसरी रीत वाईट होती. झाडाखालचा पाचोळा झाडत कोण बसतं? लोक सरळ काडी लावायचे. पाचोळा जळाला की जमीन साफ, फुलं पटापट दिसायची. पाचोळ्यात कुणाचं घरटं असलं तर असलं.

चैती मात्र झाडूनच घ्यायची. शेजारच्या झाडाची बुधाबाई तिला रोज बोलायची.

"पोरी, काडी लाव आन् मोकळी हो. झाडत बसशील तं दिवस सरंल."

"पाचोळ्यात लावा पाखराची पिल्लं हायेत, काकू."

"मंग काय, त्या पिल्लांना घेऊन जाशील भट्टीवर?" बुधाबाई म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. बाई मनानं वाईट नव्हती, पण तोंड तिचं विळ्यासारखं.

त्या सकाळी आभाळ गुलाबी झालं होतं. मोहाला नवी पालवी फुटली होती, तांबूस, कोवळी, हात लावला तर लाजेल अशी. फुलं टपटप पडत होती, दुधाळ पिवळी, मधाच्या वासाची. पण चैतीचं झाड म्हातारं, त्याची फुलं थोडकी. आणि टोपली फाटकी, तळातून गळणारी. चैती हलक्या हातानं पाचोळा बाजूला सारत होती, तेवढ्यात एका वाळक्या पानाखाली काहीतरी लुकलुकलं.

परी होती. मोहफुलाएवढीच. अंगात फुलाच्या पाकळीचा झगा, पाठीवर तांबूस पालवीचे दोन पंख, आणि केसांत दवाचे बारीक बारीक थेंब. ती पानाच्या पाळण्यात बसून डोळे चोळत होती.

"सगळ्या झाडांखाली माझी घरं जळाली," परी म्हणाली. "तुझ्याच झाडाखाली मी निवांत झोपले. माग, चैती. तीन शब्द देते."

चैतीला वाटलं आपण झोपेतच आहोत. तिनं विचारलं, शब्द घेऊन काय करू? परी हसली, आणि तिच्या हसण्यानं दवाचे थेंब किणकिणले.

"एक निळा शब्द, ते नाम. ज्याला हाक मारता येते, बोट दाखवता येतं, ते नाम. झाड, माय, चिमणी. एक पिवळा शब्द, ते विशेषण. कसं आहे ते सांगणारा. गोड, लांब, खडबडीत. आणि एक लाल शब्द, ते क्रियापद. काय करायचं ते सांगणारा. धाव, नाच, झोप."

चैतीनं मान खाली घातली. शाळेत बाईंनी कालच हे शिकवलं होतं आणि ती काल फुलं वेचत होती. परीनं ते ओळखलं असावं. ती पंख फडफडवत चैतीच्या कानाजवळ येऊन बसली आणि तिनं पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द जिभेवर ठेवून.

"आणि मी, तू, ती?" चैतीनं विचारलं.

"ती सर्वनामं. नाव घेऊन घेऊन जीभ दमते ना, तेव्हा नामाच्या जागेवर उभी राहतात बिचारी. त्यांच्यात जादू नाही. फुकट वापर, कितीही."

मग परीनं नियम सांगितले. प्रत्येक शब्द एकदाच. नामानं वस्तू येईल, पण नुसती. विशेषण समोर असलेल्यालाच लागेल. क्रियापद ज्याला सांगशील तोच ते करील, आणि आपल्या ताकदीएवढंच करील.

चैतीनं घाईघाईनं निळा शब्द बोलून टाकला. "टोपली."

निळा धूर भिरभिरला आणि समोर टोपली उभी राहिली. नवी, घट्ट विणलेली. आणि पूर्ण रिकामी. चैतीचं तोंड एवढंसं झालं.

"नाव घेतलंस, नाव आलं," परी म्हणाली. "कशी हवी ते कुठे बोललीस? अजून पिवळा शब्द आहे."

चैतीच्या डोळ्यांत चांदण्या चमकल्या. सोपंच होतं की. "भरलेली" म्हणायचं, की टोपली भरेल, कणगी भरेल, गाडी रिकामी परत जाईल. तिनं टोपलीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात धूर आला.

बुधाबाईनं काडी लावली होती आणि वारा फिरला होता. ज्वाळा लाल जिभा काढत पाचोळ्यावरून सरपटत येत होती. बुधाबाई हिरवा डहाळा घेऊन ती झोडपत होती, तिचे हात भाजत होते. आग पुढच्या झाडाकडे निघाली, त्याच्या पुढच्या झाडाकडे, आणि लाव्याच्या घरट्याकडे. घरट्यातली पिल्लं चोची वासून ओरडत होती.

चैतीनं टोपलीकडे पाहिलं. मग पाचोळ्याकडे. तिला मायचा बांधलेला हात आठवला आणि रडू आलं. रडत रडतच तिनं टोपलीवरचा हात उचलला आणि पाचोळ्यावर टेकला.

"ओला," ती म्हणाली.

पिवळा उजेड रानभर पसरला आणि सगळा पाचोळा ओलाचिंब झाला. आग चुर्र करून विझली. लाव्याची आई पिल्लांवर येऊन बसली. पण जमिनीवरची फुलंही भिजली, राखेत आणि चिखलात काळी झाली. चैतीची, बुधाबाईची, सगळ्यांची. रानात वेचायला आलेल्या बाकीच्या बायका आपापल्या झाडाखाली येऊन काळी फुलं चाळू लागल्या. बुधाबाई भाजलेले हात मांडीवर ठेवून मातीतच बसली.

"लाल शब्द राहिलाय," परी कुजबुजली. "टोपलीला 'भर' म्हण, भरेल ती. मी कुणाला सांगणार नाही."

चैतीनं डोळे पुसले. तिनं हात लांब केला, आणि तो टोपलीकडे नेला नाही. आपल्या झाडावरून, बुधाबाईच्या झाडावरून, चिंधी बांधलेल्या एकेका झाडावरून तिनं तो गोल फिरवला.

"फुला," ती झाडांना म्हणाली.

आणि भर सकाळी रान फुललं. फांद्याफांद्यांवर मोहाचे झुबके हलले, वास दाटला, आणि फुलं पडू लागली, टप टप टप टप, केसांत, पदरात, ओंजळीत. पण प्रत्येक झाड आपल्या ताकदीएवढंच फुललं. चैतीच्या म्हाताऱ्या झाडानं जीव ओतून फुलं दिली, तरी टोपली अर्धीच भरली. आणि रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

चैतीनं टोपली डोक्यावर घेतली. तिला वाटलं, आता संपलं.

"थांब," बुधाबाई म्हणाली. ती उठली, आपल्या झाडापाशी गेली, आणि बुंध्यावरची चिंधी दातांनी ओढून सोडली. "माझे हात भाजले, माझ्यानं वेचवत नाई. ये इकडं. माझ्या झाडाखालची फुलं घे आन् तुझ्या टोपलीत टाक."

"पण काकू, रीत..."

"रीत मी सांभाळीन. तू वेच."

त्या रानात असं कधी घडलं नव्हतं. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकीनं ओंजळ भरून आणली. दुसरीनं आणली. टोपली काठोकाठ झाली, वर शीगही चढली. बायकांनी आधी चैतीची टोपली घरी पोचवली, मग बुधाबाईच्या झाडाखालची उरलेली फुलं सगळ्यांनी मिळून वेचून तिच्या अंगणात नेऊन ठेवली.

कणगी भरली. मायनं डाव्या हातानं वरची फुलं सारखी केली आणि दारात उभ्या मुकादमाला सांगितलं, आम्ही येत नाही. तो काहीतरी पुटपुटला. गाडी धूळ उडवत गेली, आणि चैतीची शाळा सुटता सुटता वाचली.

चैतीच्या खांद्यावर परी बसली होती. उन्हाचा सोनेरी पट्टा कुडाच्या फटीतून आत आला. परी त्या पट्ट्यावर चढली, वळून हसली, आणि चालत चालत इतकी उजळ झाली, की शेवटी उजेड कुठला आणि परी कुठली हे चैतीलाही कळेना.

मोह गोड, मोहाची गोष्ट गोड. ऐकणाऱ्याचं घर भरो, सांगणाऱ्याचं भरो, आणि शेजाऱ्याचं त्याआधी भरो.