मायाप्पाची कुस्ती

आमच्या गावात मायाप्पा नावाचा एक भोळा पैलवान होता. सांगितलेलं कधी विसरायचा नाही, हीच पंचाईत होती. गुळाच्या दोन ढेपा दोन बगलांत धरून माझ्या अडतीवर यायचा आणि मी ‘ठेव’ म्हणेपर्यंत तसाच उभा राहायचा.

त्याचं लग्न अडलं होतं. जत्रेतली शेवटची कुस्ती मारलीस तर पोरगी देतो, असं होणारे सासरे बोलून बसले होते. म्हणून हिंदुराव वस्ताद त्याला तयार करत होते.

एकदा वस्तादांनी त्याचा दंड चाचपला. "हे बघ. पुढचा स्नायू आखडला की हात दुमडतो, मागचा आखडला की सरळ होतो. स्नायू नुसता ओढतो. ढकलत कधी नाही."

"बरं," मायाप्पा म्हणाला.

घरी जाताना ओढ्याच्या चढावर एक बैलगाडी रुतलेली. चौघं मागून रेटत होते. मायाप्पा त्यांच्यात शिरला आणि मागूनच ओढायला लागला. चौघांना तो एकटा भारी. गाडी ओढ्यात.

"काय केलंस रं हे?" गाडीवान म्हणाला.

"स्नायू ढकलत नाही."

वस्तादांनी कपाळाला हात लावला. "खुळ्या, ते अंगाच्या आतलं. आत त्यांची जोडी असते. एकानं आवळलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी माझ्याकडून दगडी उखळ नेलं. दारात त्यांनी आणि मायाप्पानं ते दोन बाजूंनी उचललं. सासऱ्यांनी पकड आवळली. मायाप्पानं सोडून दिली.

"तुम्ही आवळलंत, मामा. मग मला सोडणं आलंच."

मामा पाय धरून खाली बसले. "आधी कुस्ती मार," एवढंच म्हणाले.

आता वस्ताद जपून बोलले. "दंड मेहनतीत वाढत नाही, विश्रांतीत वाढतो. घाम गाळलास की पाठ टेकून पडायचं. यात तरी घोळ घालू नकोस."

"बरं."

जत्रेत मायाप्पानं समोरच्या पैलवानाला असं घुसळलं, की तो गडी चार पायांवर येऊन धापा टाकायला लागला. हलगी चढली. मामा दुखऱ्या पायावर उभे राहिले. एक धक्का बाकी होता.

मायाप्पानं कपाळ पुसलं. हाताकडे बघितलं. घाम होता.

तो हौद्याच्या मधोमध गेला, तळव्यानं माती सारखी केली आणि पाठ टेकून पडला.

हलगी थांबली. समोरच्याला आधी खरं वाटेना. मग तो रांगत आला आणि मायाप्पाच्या छातीवर बसला. पंचांनी त्याचा हात वर केला.

वस्ताद धावत आले. "ऊठ, मायाप्पा. लग्न गेलं तुझं."

मायाप्पानं डोळे उघडले नाहीत.

"हळू बोला, वस्ताद. वाढतायत."