राखेतला पेला

एका राज्यात, जिथे डोंगर मनात येईल तेव्हा जागा बदलत आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे, हैबती नावाचा एक काचारी राहत होता. राजवाड्याची झुंबरं करणारे कारागीर वेगळे. हैबती करायचा ते घरात लागणारं: पाण्याचे पेले, लोणच्याच्या बरण्या, तेलाच्या कुप्या, दिव्याच्या काचा. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन तो फुंकर मारी, आणि त्याची बायको येसा ते भांडं ऊन राखेच्या कोठीत पुरून ठेवी. काचाऱ्यांचा एक नेम होता. राख हाताला गार लागल्याशिवाय कोठी उघडायची नाही. घाईनं निवलेली काच दिसते धड, पण तिच्या पोटात दुखणं राहतं आणि ते भलत्या वेळी बाहेर पडतं.

राजकन्येचं लग्न ठरलं. लग्न लेकीचं, पण गुडघ्याला बाशिंग राजानंच बांधलेलं. त्यानं हुकूम सोडला, "उद्या पंगत आहे. पेले आजच हवेत."

हैबतीनं कोठीला हात घातला.

"धनी, राख अजून ऊन आहे," येसा म्हणाली.

"मग तू जाऊन सांग राजाला," हैबती खेकसला आणि पेले बाहेर काढले. राजाचे शिपाई ते घेऊन गेले. एक तेवढा घरात राहिला.

दुपारी दारात एक मांत्रिकीण आली, घसा कोरडा पडलेली. येसानं तोच पेला गार पाण्यानं भरून तिच्या हातात दिला. पेला तडकला आणि मांत्रिकिणीचा तळहात चिरला.

"हा पेला मला कुणी दिला?" तिनं विचारलं.

येसानं हैबतीकडे पाहिलं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की पेला मी कच्चा काढला. पण तो भ्याला. तो खाली मान घालून नळी पुसत राहिला.

"मी दिला," येसा म्हणाली.

"ज्या हातानं दिलास त्याचा पंख होईल. आणि या राज्यात कुठल्याच भांड्यात पाणी ठरणार नाही."

येसाची साळुंकी झाली. त्याच घटकेला राज्यातल्या घागरी गळू लागल्या, रांजण रिते झाले. आडात होतं, पण पोहऱ्यात येईना. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना पाठुंगळी घेऊन नदीवर न्यावं लागे. राजाही ओंजळीनंच पाणी पिई, आणि दर वेळी वाकताना मुकुट पाण्यात पडे म्हणून त्यानं तो घालणंच सोडलं.

साळुंकीला खांद्यावर घेऊन हैबती मांत्रिकिणीच्या गुहेत गेला. "चूक माझी होती," तो म्हणाला.

"हे दारात बोलला असतास तर मी हात धुऊन निघून गेले असते. आता बोललेला शाप मला गिळता येत नाही. तीन कामं कर. पाऊल न लागलेली वाळू आण. माणसानं न पेटवलेला विस्तव आण. त्यांचा पेला कर आणि नेमानं निवव. त्यात पाणी ठरलं की शाप सरेल. पण जितका काळ ती पक्षी राहील तितकं विसरत जाईल, आणि विसरलेलं परत येणार नाही."

वाळू होती तळ्यातल्या बेटावर, आणि तिथे एक मगर राखण करी. "पाय टेकलास तर गिळीन," मगर म्हणाली. तेव्हा साळुंकीनं पाय न टेकता, उडता उडताच, चोचीनं चिमूट चिमूट वाळू आणली. पोतडी भरेतो पावसाळा सरला. शेवटची चिमूट टाकून तिनं विचारलं, "धनी, माझं माहेर कुठलं?" त्यानं गावाचं नाव सांगितलं. तिनं ते परक्या गावाचं ऐकावं तसं ऐकलं.

विस्तव होता डोंगरमाथ्यावर, विजेनं पेटवलेल्या सागाच्या बुंध्यात. हैबती धावला की डोंगर पुढे सरके.

"थांब, मला घाई आहे," हैबती म्हणाला.

"घाईवाल्यांसाठी मी थांबत नाही," डोंगर म्हणाला.

शेवटी हैबती थकून बसला. मग डोंगर आपण होऊन जवळ आला. निखारे घेऊन उतरताना हैबतीनं लग्नातल्या कुठल्याशा गमतीची आठवण काढली. साळुंकीनं विचारलं, "आपलं लग्न झालंय?"

त्यानं भट्टी पेटवली, पेला फुंकला, राखेत पुरला आणि कोठीपाशी बसला. आता करायचं काहीच नव्हतं, आणि तेच सोसवत नव्हतं. आत्ता काढला तर कदाचित टिकेल. साळुंकीला अजून आपला धनी आठवत होता. त्याचा हात झाकणाकडे गेला.

"राख ऊन आहे ना, धनी?"

"आहे."

"मग उघडू नका. मी तुम्हाला विसरले तरी उघडू नका. लोकांना पाणी हवंय."

हैबती ढसाढसा रडला, पण हात मागे घेतला. काही वेळानं तिनं धनी म्हणणं सोडलं. मग बोलणंच सोडलं. ती अंगणात दाणे टिपू लागली, आणि तो हाक मारी तेव्हा बिचकून दूर उडे.

राख गार झाली. त्यानं पेला काढला, पाणी भरलं. पाणी ठरलं. राज्यभर घागरी गळायच्या थांबल्या, आयाबाया कळशा घेऊन आडावर धावल्या, राजानं तांब्याभर पाणी पिऊन मुकुट घातला. अंगणात येसा उभी होती, पदर सावरत. हैबतीनं पेला तिच्यापुढे धरला. तिनं तो रिता केला आणि उजेडात फिरवून पाहिला.

"छान निवलाय," ती म्हणाली. "घाई केलेली नाही. काचारीदादा, तुमच्या घरात बाईमाणूस कुणी दिसत नाही?"

"होती," हैबती म्हणाला. "फार गुणाची होती. माझ्या चुकीपायी गेली."

"हे तिला सांगितलं होतंत?"

हैबतीनं नकारार्थी मान हलवली. येसानं पेला धुतला, ओसरीवर पालथा घातला आणि जवळच्या गावाची वाट विचारून निघाली.

त्या राज्यात पाणी ठरलं तसं तुमच्या घरच्या भांड्यांत ठरो, आणि बोलायचं ते वेळेवर बोलण्याची बुद्धी तुम्हाला होवो. हैबतीला ती उशिरा झाली.