बनूची संध्याकाळ

फार फार वर्षांपूर्वी, तीन डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावातल्या लेकरांना संध्याकाळच नव्हती.

सूर्य डोंगराला टेकला की मोठ्यांचं आभाळ केशरी व्हायचं, मग जांभळं. लेकरांच्या डोळ्यांपुढं मात्र दाट धुकं उतरायचं. खेळ अर्धा टाकून ती चाचपडत घरी यायची. कुणाला त्याचं नवल नव्हतं. "आम्हीही असेच होतो. मोठेपणी सुटतं," म्हातारी माणसं सांगायची.

त्या गावात केवळा नावाची एक सून होती. तिचे सासरे गावचे पाटील. तिची लेक बनू सहा वर्षांची. पावसाच्या तोंडावर काजवे आले की बनू उंबऱ्यात बसून विचारायची, "आई, आज किती आलेत गं?"

"खूप. आंबा तर नुसता लुकलुकतोय."

"मला एक तरी दिसेल का?"

केवळा तिला कुशीत ओढून घ्यायची.

एकदा झाडपाल्याची औषधं घेऊन फिरणारी एक वैदीण पाणी प्यायला थांबली. तिने बनूचे डोळे निरखले.

"पोरी, काल काय जेवलीस?"

"भाकरी आणि मिरची."

"आणि परवा?"

"परवा? मिरची आणि भाकरी."

वैदीण केवळाकडे वळली. "हिला पालेभाजी दे. शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा, वर थेंबभर तेल. रोज दे. धुकं जाईल."

विहिरीवर सांडलेलं पाणी पलीकडच्या पडीक जागेत मुरायचं. तिथं गुरांचा गोठा बांधायचा असं गावाचं ठरलेलं होतं. केवळाने सासऱ्यांपुढं पदर पसरला आणि पावसाळ्यापर्यंत ती जागा मागून घेतली. मग घराघरांतल्या बायकांना बोलावलं.

"केवळे, डोळ्यांचं औषध मातीत पेरतेस होय?" एकीने टोमणा मारला.

"मग काय आभाळात पेरू? ये, धर कुदळ."

हसत हसत सगळ्या आल्या. जी ती आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी वाफ्यात ओतूनच घरी जाऊ लागली. हिवाळा सरता सरता बाग भरली. राजगिऱ्याचे लाल तुरे डुलू लागले, कुंपणावर भोपळे सूर्याची पिल्लं झोपावीत तसे पहुडले, आणि कडेचा शेवगा वाऱ्याशी गुजगोष्टी करू लागला. रोज सकाळी घरटी एक टोपली, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

एक महिना गेला. दुसरा गेला. लेकरं तशीच चाचपडत राहिली.

"तुझ्या वैदिणीनं थाप मारली गं," सासूबाई म्हणाल्या. पाटील म्हणाले, "सूनबाई, भाजी चवीला झकास आहे. पण पाऊस आला की गोठा बांधायचा."

त्या दिवशी तिन्हीसांजेला केवळा जेवण वाढत होती. आधी मामंजी, मग नवरा, मग दीर. सगळ्यांनी भाजी मागून घेतली. शेवटी बनूचं ताट आलं. केवळाने पातेलं खरवडलं, तर पळीला नुसतं पाणी लागलं.

तिचा हात तिथंच थांबला. रोज असंच होत होतं. बाग तिने लावली होती, आणि बनूला उपाशी ठेवणारी पळीही तिच्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पाटील जेवायला बसले. एरवी ते खांबाला टेकून बसत, आज वाऱ्यासाठी दाराशी बसले. केवळाने पहिली पळी बनूच्या ताटात वाढली. दुसरीही.

"अगं, मी बसलोय इथं," पाटील म्हणाले.

"बघितलं मी, मामंजी."

"घरात रीत आहे काही!"

केवळाने भोपळ्याची फोडही बनूलाच वाढली.

आजोबा रागावले, एवढं बनूला कळलं. तिने घास केला आणि हात लांब करून ती म्हणाली, "आजोबा, रागावू नका. पहिला घास तुम्ही घ्या."

घास तिने खांबापुढं धरला होता.

लाकडाच्या खांबापुढं तो इवलासा हात वाट बघत राहिला. पाटील उठले, खांबापाशी जाऊन बसले आणि नातीचा हात हलकेच तिच्याच तोंडाकडे वळवला.

"आधी तू जेव, बाळा," ते म्हणाले. "उद्यापासून या गावात लेकरांच्या आधी कुणाचं ताट वाढायचं नाही. आणि गोठ्याला दुसरी जागा बघतो."

त्या दिवसापासून घराघरांत पहिली पळी लेकरांची झाली. चैत्र गेला, वैशाख गेला. एके दिवशी सूर्य डोंगराआड गेला, तरी लेकरं अंगणात खेळतच राहिली. त्यांना बोलवायचं आयांच्या लक्षातच आलं नाही.

बागेच्या कडेला बनू एकदम थबकली.

"आई," ती हळूच म्हणाली, "शेवगा लुकलुकतोय."

"किती आलेत गं?" केवळाने विचारलं.

"थांब," बनू म्हणाली, "मोजू दे मला."

तात्पर्य: बाग लावली म्हणजे काम संपलं असं नाही, ज्याला सगळ्यांत जास्त गरज आहे त्याच्या ताटात पहिली पळी पडायला हवी, आणि तीही आजच.